कवळीचा जलसा

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावायची एवढी हौस असलेला धंदेवाला मी दौलत मास्तरांशिवाय दुसरा पाहिला नाही. अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं बँडचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर खुंट्यांना टांगलेली पितळी वाद्यं, मागच्या बाजूला मास्तरांची खाट आणि चूल, आणि दारावर पाटी. बाकीच्या दुकानांच्या पाट्या माणसाला आत बोलावतात. ही पाटी धमकी द्यायची. वर 'दौलत ब्रास बँड' असं पिवळ्या अक्षरांत, आणि खाली लाल रंगात: 'फर्माईश घेतली जाणार नाही. बँड पहिल्या पंगतीत जेवेल. समोरून दुसरा बँड आल्यास आम्ही थांबणार नाही.'

मुलाचा बाप बँड ठरवायला यायचा, पाटी वाचायचा आणि तिथंच घोटाळायचा.

"मास्तर, म्हणजे नवरदेवाच्या दोस्तांनी एखादं गाणं सांगितलं तर?"

"तर त्याइले म्हना, रेडिओ आना. आमी मानसं आहो. कान पिळला का वाजलो, असं नाई."

असल्या उत्तरानंतर निम्मे लोक निघून जायचे. मास्तर खुशीत यायचे. तीन दिवस चूल पेटली नसली तरी गेलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट ते पोटभर जेवल्यासारखी सांगायचे. मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो आणि माझी खोली त्यांच्या दुकानाच्या बरोबर वर होती. दुपारची झोप ही माझ्या आयुष्यातली एकमेव चैन, आणि मास्तरांची तालीम नेमकी दुपारी. एकदा मी धीर करून म्हणालो, "मास्तर, जरा हळू वाजवता येणार नाही का?" ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहत राहिले की मीच शरमलो. "हळू?" ते म्हणाले. "बाबू, हळू तं मच्छरही वाजवते."

मास्तरांचा लाल कोट सगळ्या गावाला ठाऊक होता. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा. बाकीचे बँडवाले तो कोट लग्नापुरता घालतात. मास्तर रॉकेल आणायलाही तो घालून जायचे, आणि रस्त्याच्या मधोमध चालायचे. मागून बैलगाडी आली की गाडीवान ओरडायचा. मास्तर मान न वळवता म्हणायचे, "बाजूनं घे. रस्ता लय मोठा हाय."

पाटीवरची पंगतीची ओळ मात्र थट्टेची नव्हती. छप्पन साली मास्तर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्याआधीची रीत अशी की बँडनं वरात मांडवाच्या दारात आणून सोडायची, आणि मग चपलाजोड्यांच्या ढिगाशेजारी उन्हात बसून राहायचं. सगळ्या पंगती उठल्या, की उरलंसुरलं पत्रावळीवर पडायचं. दीक्षेनंतर त्यांच्या समाजातल्या जाणत्या लोकांनी सांगितलं, "मास्तर, वाजवणं सोडा. ते आपल्यावर लादलेलं काम." मास्तरांनी विचार केला आणि उत्तर दिलं, "वाजवनं माह्यं हाय. वाकनं त्याइचं होतं. ते सोडलं." आणि त्याच आठवड्यात रंगारी बोलावून पाटीवर ती ओळ लिहून घेतली.

ओळ लिहिणं सोपं, पाळून घेणं कठीण. चांदूर बाजारकडच्या एका गावात पाटलानं ठरवताना हो म्हटलं आणि लग्नाच्या दिवशी बँडला जागा दाखवली ती गुरांच्या गोठ्याशेजारी. मास्तरांनी पोरांना मांडवाच्या दारात उभं केलं आणि वाजवायला सुरुवात केली. मुहूर्त जवळ आला तरी बँड चालूच. भटजी तोंड उघडत होते आणि मिटत होते, मंगलाष्टकांचा एक शब्द कोणाला ऐकू येत नव्हता. अंतरपाट धरून धरून मामाचे हात भरून आले. शेवटी मुलीच्या आईनंच पाटलाला खडसावलं आणि मांडवात पानं वाढली गेली. बँड रांगेनं, लाल कोट घालून, पहिल्या पंगतीत बसला. मास्तरांनी दोन घास खाल्ले आणि माझ्यापाशी येऊन पुढं कितीतरी दिवस तक्रार केली, "एवढं भांडून बसलो बाबू, अन् वरनात मीठच नाई!"

आता राहिली तिसरी ओळ. तिच्यामागे अकोल्याचे करीम मास्तर होते.

बँडवाल्यांचा एक कायदा आहे. दोन वराती समोरासमोर आल्या की जो बँड आधी थांबेल तो हरला. अकोल्यात एका चौकात दौलत मास्तरांचा आणि करीम मास्तरांचा बँड असा समोरासमोर आला. दौलत मास्तरांचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ, आणि करीम मास्तरांचा ट्रम्पेट. कोणीच थांबेना. दोन्ही नवरदेव कंटाळून घोड्यांवरून उतरले, एकाच हॉटेलात एकाच बाकावर बसून चहा प्याले आणि तिथं त्यांची अशी दोस्ती जमली की पुढं म्हणे त्यांनी भागीत सरकीचा धंदा काढला. टक्कर मात्र निकाली लागली नाही. अंधार पडला आणि दोन्हीकडच्या बायकांनी मध्ये पडून दोघांना ओढून नेलं. तेव्हापासून कोण हरलं या प्रश्नावर वऱ्हाडात दोन मतं होती, आणि दोघंही आपापलं मत मोठ्यानं मांडत.

माझं घर अकोल्याचं. रविवारी मी घरी जायचो. सोमवारी मी जिना चढायच्या आत मास्तर विचारायचे, "काय म्हनते तुमचा करीम?" जसा काही करीम मास्तर माझा चुलता होता. मी काहीतरी सांगायचो. मग मास्तर मान हलवायचे. "त्याच्यात जोर हाय, सूर नाई. जोर तं म्हशीतही राह्यते." अकोल्यातही तोच प्रकार. करीम मास्तर मला रस्त्यात अडवून विचारायचे, "क्यों बाबू, वो दौलत अभी भी कुकर जैसी सीटी बजाता?" निरोप कोणीच देत नव्हतं, पण चौकशी एकाही आठवड्यात चुकत नव्हती.

मग एका लग्नसराईच्या शेवटी ती बातमी आली. पातूरच्या एका वरातीत नवरदेवाचा घोडा फटाक्यानं बुजला. त्यानं मान उसळवली ती नेमकी करीम मास्तरांच्या ट्रम्पेटवर. ट्रम्पेट तोंडाला लावलेला होता. समोरचे वरचे दात गेले.

दातांशिवाय माणूस भात खाऊ शकतो, पण ट्रम्पेट वाजवू शकत नाही. फुंकणाऱ्याच्या ओठाला मागून दातांचाच टेकू लागतो. करीम मास्तरांनी बँड बंद केला, ट्रम्पेट कापडात गुंडाळून पेटीत टाकला आणि स्वतः घरात बसले. बाहेर येणं बंद, बोलणं बंद. मी हे दौलत मास्तरांना सांगितलं तेव्हा ते टाळी वाजवून हसले. "बरं झालं! लय फुगत होता." दिवसभर जो भेटेल त्याला ते हेच सांगत होते. संध्याकाळपर्यंत हसण्यातला दम संपला. पुढच्या रविवारी मी स्टेशनावर गेलो, तर लाल कोट फलाटावर माझ्याआधी उभा.

"मास्तर, तुम्ही कुठं?"

"अकोल्याले काम हाय."

"काय काम?"

"तुमाले कायले पायजे?" ते खेकसले, आणि माझ्याच शेजारी येऊन बसले.

करीम मास्तरांच्या दारात त्यांच्या सुनेनं आम्हाला थांबवलं. अब्बा कोणाला भेटत नाहीत, घरातही खुणेनंच बोलतात, असं ती बिचारी हलक्या आवाजात सांगत होती. दौलत मास्तरांनी पिशवीतून कॉर्नेट काढला. करीम मास्तरांची एक खास चाल होती, वरात मुलीच्या दाराशी पोचली की ते ती वाजवायचे. दौलत मास्तरांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून तीच चाल लावली. आणि मुद्दाम चुकीची लावली. जिथं सूर खाली यायचा तिथं वर नेला, एकदा नेला, पुन्हा नेला. गल्लीतली कुत्री उठली.

धाडकन खिडकी उघडली. तोंडावर रुमाल दाबून करीम मास्तर बाहेर वाकले. "अबे बंद कर! वहाँ सूर उतरता है, उतरता! इतने साल सुना, इतना नहीं समझा?"

"मंग ये ना भाईर," दौलत मास्तर म्हणाले. "दाखव वाजवून."

करीम मास्तरांनी रुमाल खाली घेतला. एवढा रुबाबदार माणूस, मिशीला पीळ देणारा, आणि हसू नये म्हणून ओठ धरून ठेवायची त्याला सवय लागलेली. "किससे बजाऊँ, दौलत?" ते म्हणाले.

दौलत मास्तरांनी क्षणभर जोड्याकडे पाहिलं. "दात बसोते नागपुरात."

"भीक के दाँत नहीं चाहिए मेरेको."

"भीक कोन देऊन राह्यलं तुले? जुन्या बँडाइची टक्कर ठेवली हाय अमरावतीले. पंच पायजे. पंचाले मानधन राह्यते, त्यातून तू दात बसव नाई तं बकरी घे. मले काय करा लागते?"

अशी कुठलीच टक्कर ठेवलेली नव्हती. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं तेव्हा मास्तर म्हणाले, "बाबू, तुमचं अक्षर चांगलं हाय ना? पोस्टर लिवा लागते."

पोस्टरवर त्यांनी एक गोष्ट माझ्याकडून ठळक लिहून घेतली: 'बँड खुर्च्यांवर बसून वाजवतील.' बँडला आजवर कोणी बसवून ऐकलं नव्हतं. नवरदेवाच्या पुढं धुळीतून चालायचं, एवढाच बँडचा जन्म. मास्तरांना एकदा तरी बँड वर आणि लोक खाली पाहायचे होते. म्हणून ते गावातल्या संगीत मंडळाचा हॉल मागायला गेले. सोबत मी. मंडळाचे अध्यक्ष एक वकील होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, पण नकार फार सभ्यपणे दिला. "मास्तर, इथं गाणं होतं. बँड कसा, रस्त्यावरच शोभतो."

मला वाटलं आता कॉर्नेट निघतो. मास्तर नुसते "ठीक हाय" म्हणाले आणि बाहेर पायरीवर येऊन कोटाची बटणं नीट केली. "ऐकलं ना बाबू? रस्ता आपला हाय, वकीलच म्हनते."

दसऱ्याच्या आधी कापसाचा बाजार रिकामा असतो. नवा कापूस यायचा असतो आणि लग्नसराई थंड, त्यामुळे बँडवालेही रिकामेच. बाजाराचं आवार मिळालं. खुर्च्या मिळाल्या नाहीत, पण एका शाळेतून बाकं आली. चांदूर बाजारचा बँड बैलगाडीतून आला. त्यांचे मोठा ढोल वाजवणारे नामाजीबुवा वयानं इतके थकले होते की ढोल आधी उतरवायचा की बुवा आधी, यावर त्यांच्यात वाद झाला. पातूरचा बँड एसटीनं आला, त्यातले दोघे क्लॅरिनेटवाले आळीपाळीनं खोकत होते. तिसरा आमचा. करीम मास्तर तोंडाला रुमाल लावून पंचाच्या खुर्चीवर बसले, कोणाशी न बोलता. चार वाजता आवार माणसांनी फुलून गेलं. मी गळा ताणून नियम सांगितला: एका वेळी एकच बँड वाजवेल.

चांदूर बाजारनं सुरुवात केली, आणि मला घाम फुटला. काहीतरी बिघडलं होतं. ढोल पेंगत होता, बिगुलं कण्हत होती. एवढे नावाजलेले लोक, पण जन्मात कधी बसून वाजवलेलं नाही! पाय हलल्याशिवाय त्यांची फुंकच सुटेना. लोक हसायला लागले. नामाजीबुवांना ते सहन झालं नाही. ते उठले, ढोल गळ्यात घातला, आणि एक पाऊल टाकलं. झालं! ताल लागला. त्यांच्यामागे सगळा बँड उठला आणि वाजवत आवारात चालू लागला.

चालता चालता ते पातूरच्या बँडसमोर आले. समोरून दुसरा बँड वाजत येतोय म्हटल्यावर पातूरवाल्यांनी माझा नियम ऐकला असेल का? हात आपोआप वाद्यांवर गेले. दोन बँड एकदम सुरू झाले. तिसऱ्या बाकावर दौलत मास्तर होते, आणि त्यांचं काय झालं हे मी सांगायला नको. तीन बँड, तीन चाली, एकच आवार. मी हातवारे करत मध्ये धावलो तर क्लॅरिनेटवाल्याचं कोपर लागून माझा चष्मा पडला.

त्यातून पुढची गंमत अशी, की बँड चालायला लागला की वऱ्हाडी माणूस बसून राहूच शकत नाही. सगळी पब्लिक उठून मागे लागली. मिरवणूक फाटकाबाहेर पडली. करीम मास्तर मागे राहतात असं दिसल्यावर कोणीतरी त्यांना खुर्चीसकट उचलून कापसाच्या हातगाडीवर ठेवलं. रस्त्यात शिपायानं अडवलं. "वरात कोनाची हाय? नवरदेव कुठी हाय?"

सगळ्यांनी हातगाडीकडे बोट दाखवलं. शिपायानं पाहिलं: खुर्चीवर बसलेला माणूस, अंगात ठेवणीतली शेरवानी, तोंडावर रुमाल. आमच्याकडे नवरदेव रुमाल तोंडाला लावूनच बसतो. वय जरा जास्त वाटलं असेल, पण असतात तसेही. "जाऊ द्या," शिपाई म्हणाला आणि बाजूला झाला.

संगीत मंडळाच्या हॉलमध्ये त्या दिवशी बैठक होती. तीन बँड हॉलसमोर आले तेव्हा आतला तंबोरा कोणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. श्रोते एकेक करून गॅलरीत आले. वकीलसाहेब कानांवर हात ठेवून पायऱ्यांवर उभे राहिले. दौलत मास्तरांनी कॉर्नेट तोंडापासून काढला, छाती फुगवली आणि ओरडले, "साहेब! रस्त्यावर शोभून राह्यलो ना?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा वाजवायला लागले.

तेवढ्यात माझं लक्ष हातगाडीकडे गेलं. करीम मास्तर खुर्चीवरून उभे राहिले होते. दोन्ही हात हवेत, रुमाल कुठं पडला त्याचा पत्ता नाही. "पातूर, धीमे! ढोल, ढोल पकड! दौलत, ऊपर जा रहा, नीचे आ!" सगळं गाव त्यांचं बिनदातांचं तोंड पाहत होतं आणि त्यांना त्याची शुद्धही नव्हती. चौकात दोन बायांनी पंचाच्या मानधनासाठी लुगडं झोळीसारखं धरलं आणि लोक त्यात पैसे टाकत गेले. शेवटी पंचांचा निकाल मागितला तेव्हा करीम मास्तर हातगाडीवरून गरजले, "सब के सब बेसुरे! पहला नंबर किसीको नहीं!" त्यावर ज्या शिट्ट्या वाजल्या तशा मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

दिवाळीनंतर करीम मास्तर नव्या दातांसह दुकानात आले. आपला ट्रम्पेट घेऊन. मी जिन्यावरच बसलो होतो. त्यांनी ओठ जुळवले, फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं तर कवळीच सुटली आणि ट्रम्पेटवर आपटली. एवढा जलसा, एवढी धडपड, आणि हे? पण करीम मास्तरांनी कवळी पुसून बसवली, आरशात पाहिलं आणि खो खो हसले. मग दौलत मास्तरांनी पुढ्यात ठेवलेले फुटाणे कडाकडा चावत त्यांनी दुपारभर भांडण केलं. कुठली चाल कोणी आधी बसवली, कोणाचा ढोल कोणी पळवला, त्या जुन्या टकरीत आधी दम कोणाचा सुटला. माझी झोप त्या दिवशीही गेली.

ते गाडीला गेल्यावर मी खाली आलो. "मास्तर, वाईट वाटतं हो. वाजलं नाही शेवटी."

"वाजनारच नोतं." मास्तर फुटाण्यांची टरफलं गोळा करत होते. "जलशाच्या पयलेच मी नागपूरले जाऊन इचारून आलो होतो. डॉक्टर म्हने, खाता येईन, बोलता येईन, फुकता नाई येनार."

"मग एवढं सगळं केलंत कशाला?"

लाल कोट काढून मास्तरांनी खुंटीला लावला. बनियनमधला तो माणूस मला अगदीच लहान वाटला.

"बायको होती तं घरात भांडन होतं," ते म्हणाले. "ते गेली. पोट्टे मास्तर मास्तर करते, मी चुकलो तरी माना डोलावते. गाव मले भेते. साऱ्या वऱ्हाडात तो एकटाच, माह्या तोंडावर म्हननारा का दौलत, तू चुकला. तोच मुका झाला तं मी वाजवू कोनासाठी, बाबू?"

मास्तर टरफलं मुठीत घेऊन दारापर्यंत गेले, करीम मास्तर गेले त्या दिशेला पाहत उभे राहिले.

"आज त्यानं मले गधा म्हटलं," ते म्हणाले. "आइतवारी पुन्हा येतो म्हने. फुटाने आनून ठेवा लागते."